घाट चालू नाय

दीपक उतेकर ‘नाही’ हा शब्द असा उच्चारतो की ऐकणाऱ्याने तो दोन्ही हातांनी घ्यावा. ‘ना’ वेगळा, ‘ही’ वेगळा, आणि मध्ये एक छोटासा थांबा. "तसं होत ना-ही, नझीरचाचा." हा माणूस आंबेनळी घाटातल्या एका वाडीत जन्मला. त्या वाडीत कुत्र्याला हाकलण्यापासून देवाला गाऱ्हाणं घालण्यापर्यंत सगळं ‘नाय’वर चालतं. दीपकला तो शब्द सलतो. पुण्याला नोकरीला लागल्यावर त्याने तो तोंडातून उपटून टाकला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने त्याने आपलं तोंड आपल्याला हवं तसं ठेवावं. पण त्याने तो आमच्या सगळ्यांच्या तोंडातून उपटून टाकला असं समजून काम केलं, तिथे माझं डोकं फिरलं, आणि म्हणून हे लिहायला बसलो.

मी नझीर, महाडच्या जीपवाल्यांच्या संघटनेचा सचिव. माझ्या दोन जीपा महाड, पोलादपूर आणि घाटातल्या वाड्या अशा फिरतात. दीपकला मी ओळखतो तो त्याच्या बापामुळे. धोंडू उतेकर उमेदीत माझ्या अब्बांच्या ट्रकवर क्लीनर होता, नंतर ड्रायव्हर झाला. मुलगा लोणेऱ्याच्या कॉलेजात शिकून कॉम्प्युटरचा इंजिनिअर झाला, तेव्हा धोंडूने मला मिठाईचा पुडा आणून दिला आणि म्हणाला, "पोराच्या कामाचं मला काय बी कळत नाय, पन मोठं काम हाय." खरं सांगायचं तर कळत मलाही नव्हतं. पुढे कळलं, आणि मग कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

करोनात दीपक पुणं सोडून परत आला. घरून काम करायचं होतं, पण घर म्हणजे वाडी नव्हे. वाडीत रेंज नाही. त्याने महाडात तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली, काचेची खिडकी, एसी, गोल फिरणारी खुर्ची. त्या खुर्चीत बसून तो पुण्यातल्या कंपनीचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात महाडचा उद्धार करायचा. उद्धार म्हणजे जे दिसेल ते क्लाउडवर नेणं. वाचनालयाची पुस्तकांची साइट नेली. वधूवर मंडळाची साइट नेली. कोणी विचारलं की "अहो, पण आहे तिथे काय वाईट आहे?" तर तो असा हसायचा, की जणू विचारणाऱ्याने अजून बैलगाडीने मुंबई गाठायची ठरवली आहे.

वधूवर मंडळाची गंमत तर साऱ्या गावाला माहीत आहे. दीपकने तिथे असं काही बसवलं होतं की त्याने आपल्या लॅपटॉपवर बदल केला की तो आपोआप साइटवर जायचा, कोणाला काही करावं लागायचं नाही. एकदा त्याने तपासण्यासाठी म्हणून एक खोटा नवरा मुलगा भरला. नाव टेस्ट पाटील, उंची सहा फूट, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट. तो आपोआप साइटवर गेला. टेस्ट पाटलासाठी चार मुलींच्या वडिलांनी मंडळाला फोन केले, एकाने तर पत्रिकाच पाठवली. दीपकला ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्याचं म्हणणं, प्रक्रिया अगदी बरोबर चालली.

आता आमच्या ‘वाट’बद्दल. तळीये गावावर दरड कोसळली त्या पावसाळ्यानंतर पुण्याची काही मुलं मदतीला आली होती. बिस्किटांचे पुडे वाटून फोटो काढून गेली नाहीत, म्हणून मला आवडली. त्यांनी एक वेबसाइट आमच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवून दिली. ओपन सोर्स म्हणतात तसली, म्हणजे कोणीही फुकट घ्यावी आणि आपल्याला हवी तशी बदलावी. तिचं नाव ‘वाट’. घाटातल्या वाड्यांमधली माणसं फोनवरून मेसेज पाठवणार, आमच्या ऑफिसात रिझवाना तो वाचणार, आणि त्या रस्त्यापुढे हिरवा नाहीतर लाल ठिपका लावणार. ड्रायव्हर, दूधवाले, पेशंट, सगळे निघण्याआधी तो ठिपका बघणार. बराच वेळ मेसेज आला नाही तर ठिपका करडा, म्हणजे काही माहिती नाही. एवढंच काम.

रिझवाना काही फार हुशार आहे अशातला भाग नाही. ती दिवसभर शेंगदाणे खाते आणि फोनवर बहिणीशी भांडते. एकदा नाते गावचा रस्ता मोकळा झाल्यावरही तिने लाल ठिपका तसाच ठेवला. नातेवाले ऑफिसात येऊन तिला बोलून गेले, तिने त्यांना दुप्पट बोलून घेतलं. कॉम्प्युटर तर त्याहून वाईट. लाइट गेली की साइट गेली, आणि पावसात लाइट जातेच. सावित्री नदीचं पाणी बाजाराकडे सरकायला लागलं की आम्ही तो डबा उचलून कपाटावर ठेवायचो. म्हणजे नेमकी जेव्हा गरज, तेव्हा ‘वाट’ कपाटावर झोपलेली. तेव्हा तिला क्लाउडवर न्यायला हवं होतं हे मी मान्य करतो. माझं भांडण क्लाउडशी नाही, नेणाऱ्याशी आहे.

गेल्या उन्हाळ्यात दीपक आमच्या बैठकीला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर डॉक्टर खेड्यात आल्यावर असतो तसा कंटाळा. त्याने समजावून सांगितलं की सर्व्हर आता आपला नसेल, तो सांभाळण्याचं काम मोठ्या कंपनीचं, लाइट, पाणी, उंदीर, सगळी काळजी त्यांची. आपण फक्त आपला प्रोग्राम द्यायचा. "मॅनेज्ड प्लॅटफॉर्म," तो म्हणाला. मग त्याने चहा मागवला, लॅपटॉपवर एक ओळ बदलली, एक बटण दाबलं आणि कप तोंडाला लावला. "आता बघा. पुश केलं. तिकडे प्लॅटफॉर्म आपला प्रोग्राम स्वतः उचलतो, स्वतः तपासतो, पास झाला तर स्वतः साइटवर चढवतो. चहा संपायच्या आत." चहा संपला तेव्हा साइटचा रंग निळ्याचा जांभळा झाला होता. आमच्या जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. रंग बदलल्याबद्दल टाळ्या वाजवणारी ही माणसं घाटात समोरून आलेली बस कशी चुकवतात ह्याचं मला नवल वाटलं.

"आणि मेसेज कोण वाचणार?" मी विचारलं.

"मेसेज वाचायची गरज ना-ही. प्रोग्राम वाचेल. चालू की बंद एवढंच तर कळायला हवं."

"रिझवाना वाचते की."

"चाचा, सिस्टिममध्ये माणूस हीच वीक लिंक असते."

रिझवानाने शेंगदाण्याची टरफलं गोळा केली आणि त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवली. मग सगळ्यांनी हात वर केले, माझा एकट्याचा खाली राहिला. त्या दिवसापासून वाड्यांतले मेसेज आमच्या ऑफिसच्या फोनवर यायचे बंद झाले आणि सरळ क्लाउडवर जायला लागले.

प्रोग्राम कसा वाचतो, हे मी नंतर दीपककडूनच ऐकलं. मेसेजात ‘चालू’ किंवा ‘सुरू’ दिसलं की हिरवा. पण त्याच मेसेजात ‘बंद’ किंवा ‘नाही’ दिसलं तर लाल. बाकी काय लिहिलंय ते सोडून द्यायचं. आणि हे बरोबर चालतं की नाही हे तपासायला त्याने नमुन्याची वाक्यं लिहून ठेवली होती, प्रत्येक बदलाच्या वेळी प्रोग्राम ती आपोआप तपासायचा. ‘मार्ग सुरू आहे.’ ‘घाट चालू नाही.’ ‘दरड कोसळल्याने वाहतूक पूर्णतः बंद आहे.’ पूर्णतः! आमच्या घाटात ‘पूर्णतः’ म्हणणारा माणूस एकच, आणि तो तिसऱ्या मजल्यावर एसीत बसतो. स्वतःच प्रश्न काढले, स्वतःच उत्तरं लिहिली आणि दर वेळी शंभर टक्के पास झाला.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्याशी येऊन थांबतं. सुंदराबाईचं घर घाटाच्या वरच्या अंगाला, जिथे दगड येतात त्या वळणाच्या डोक्यावर. रस्त्यावर काही पडलं की पहिलं तिला कळतं. म्हणून ‘वाट’ला मेसेज पाठवायचं काम सुरुवातीपासून तिच्याकडे. चौथी शिकलेली बाई, बचत गटात मोबाइलवर टाइप करायला शिकली. घरात फोन लागत नाही, बोललेलं तुटतं. थोडं वर एका कातळावर उभं राहिलं की मेसेज तेवढा जातो. पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन ती त्या कातळावर जायची आणि लिहायची.

ती मेसेज पाठवायची तो नुसता गावासाठी नव्हे. धोंडूच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्याला माझ्या जीपने महाडला डायलिसिसला आणावं लागतं. त्यासाठी त्याच्या डाव्या हाताच्या दोन शिरा ऑपरेशन करून जोडल्या आहेत. तिथे बोट ठेवलं की आत घरघर लागते. ती घरघर म्हणजे त्याचा जीव. त्या हाताने वजन उचलायचं नाही, तो दाबायचा नाही, कोणी धरायचा नाही. दवाखान्यातल्या नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही शीर बंद पडली तर फार अवघड होईल, आजी." सुंदराबाईने त्या दिवसापासून ‘बंद’ हा शब्दच घरातून काढून टाकला. कुंकू पुसलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात, तसंच. दिवा बंद कर नाही, दिवा मालव. दुकान बंद नाही, दुकान चालू नाय. रेडिओ चालू नाय. शाळा चालू नाय. आणि घाटात दगड आले की, घाट चालू नाय. शेजारणी हसायच्या, पण तिच्यासमोर त्याही तो शब्द जपून वापरायच्या.

रिझवानाला हे माहीत होतं, म्हणजे माहीत असायला फार अक्कल लागत नव्हती. ‘घाट चालू नाय’ हे वाचून महाडात जन्मलेल्या कोणालाही कळलं असतं. बकरीलाही कळलं असतं. कळणार नव्हतं ते फक्त पोटच्या पोराने बनवलेल्या यंत्राला.

तो जुलैतला दिवस मी विसरणार नाही, कारण धोंडू माझ्यासमोरच्या बाकावर पडला होता. डायलिसिस संपवून मुसैबने, म्हणजे माझ्या जीपच्या ड्रायव्हरने, त्याला ऑफिसात आणून टेकवलं होतं. यंत्रावरून उतरल्यावर माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होतो, तसा तो झाला होता. डावा हात छातीवर, त्यावर उजवा हात पहाऱ्याला. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि आंबेनळीपुढे करडा ठिपका. घाट चालू नसला की धोंडूने बहिणीकडे, जानकीबाईकडे, इथेच महाडात राहायचं असं ठरलेलं होतं. मुलाची खोली जवळ होती, पण तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दीपक म्हणायचा, आबांना जिने झेपत ना-हीत.

"जानकीबाईकडं जाऊ का?" मुसैबने विचारलं.

"थांब जरा," धोंडू म्हणाला. "सुंदरा कातळावर गेली आसंल. तिचा मेसेज आला की कळंल. तिनं चालू हाय म्हनलं तर निघू."

आम्ही थांबलो. चहा झाला. मुसैब फोन हातात धरून बसला होता. तेवढ्यात ठिपका हिरवा झाला आणि खाली अक्षरं आली, आंबेनळी, चालू, सुंदराबाई उतेकर, आत्ताच.

धोंडूचा चेहरा खुलला. "बघ, आला. तिनं लिवलंय म्हनजे बघून लिवलंय. चल." बायकोचं नाव पडद्यावर बघून तो उठला, त्याला मी दार उघडून दिलं, आणि ते निघाले.

पुढचं मुसैबने सांगितलं. वळणाच्या अलीकडेच रस्त्यावर दगडांचा आणि चिखलाचा ढीग. जीप मागे घ्यायला लागला तोच मागच्या बाजूला एक झाड मातीसकट खाली आलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना, फोन लागेना. धोंडूचं अंग थंड पडत चाललं होतं. मुसैबने आपला शर्ट काढून त्याच्या अंगावर घातला. दिवेलागणीला वाडीतली माणसं रस्ता बघायला उतरली तेव्हा त्यांना जीप दिसली. प्लास्टिकची खुर्ची आणली, बांबूला बांधली आणि धोंडूला बसवून ढिगाऱ्यावरून न्यायला लागली. एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, धोंडू दगडांवर जायचा, तेवढ्यात दोघांनी त्याला हाताला धरून ओढलं. डाव्या हाताला. "डावा नको रे! डावा सोडा!" असं तो ओरडत होता. त्या बिचाऱ्यांना काय कळणार? पडणाऱ्याला माणूस हाताला धरूनच वाचवतो.

घरी नेऊन निजवल्यावर सुंदराबाईने त्याचा हात पुसला आणि कान लावला. बराच वेळ लावून बसली. मुसैब दारातच उभा होता. "काय गो?" धोंडूने विचारलं.

"चालू नाय," ती म्हणाली.

सकाळी रस्ता मोकळा झाल्यावर त्याला खाली आणलं, मग मुंबईला नेलं. शीर काही उघडली नाही. आता मानेत नळी घातली आहे, तिच्यातून डायलिसिस होतं. नळी पिकली तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. उजव्या हाताचं नवीन ऑपरेशन करायचं आहे, ते टिकेल की नाही ते कोणी सांगत नाही. धोंडू जानकीबाईकडे पडून असतो, नळीच्या बाजूला मान वळवायची नाही म्हणून सारखा एकाच भिंतीकडे बघतो. सुंदराबाईही खालीच आली आहे. वरच्या घराला कुलूप.

ह्यानंतर कोणत्याही मुलाने काय केलं असतं? दीपकने बैठक बोलावली. त्यांच्या धंद्यात काही बिघडलं की नंतर बसून कारण शोधतात, आणि त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. बाप जिवंत असताना ह्याने भर बैठकीत तो शब्द वापरला, तोही तीनदा. भिंतीवर पडदा लावला, त्यावर आलेख काढले. सिस्टिम पूर्ण पावसात एकदाही बंद पडली नव्हती. लाइट गेली तरी साइट चालू. मेसेज मिळाल्यापासून ठिपका बदलेपर्यंत डोळ्याचं पातं लवायला लागतं त्याहून कमी वेळ. सगळं हिरवंगार.

"मग झालं काय?" कोणीतरी विचारलं.

"इनपुट स्टँडर्ड नव्हतं," दीपक म्हणाला. "मेसेजात ‘चालू’ होतं. ‘नाही’ हा शब्द नव्हता."

"काय होतं?"

त्याने पडद्याकडे बघितलं. त्या शब्दाला तोंड लावायची त्याला लाज वाटत होती, मला स्पष्ट दिसत होतं. "बोलीभाषेतलं रूप होतं," तो म्हणाला.

मी उठलो. खुर्ची मागे पडली, पडू दिली. "दीपक, तुझ्या आईने ‘नाय’ लिहिलं. नाय! तू ह्याच शब्दावर वाढलास. पेज नको असली की नाय, शाळेत जायचं नसलं की नाय. पुण्याच्या कोणा मुलाने हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं आणि तू तो शब्द घातला नाहीस. लाज वाटली तुला यंत्रासमोर. त्या यंत्राला काय पडलंय रे, तू कुठला आहेस त्याचं?"

त्याचे कान लाल झाले. पण तो रागावला नाही, हेच त्याच्यातलं सगळ्यात भयंकर. त्याने लॅपटॉप पुढे ओढला. "पॉइंट बरोबर आहे, चाचा. आत्ता करतो." एक ओळ लिहिली. नमुन्याच्या वाक्यांत एक वाक्य वाढवलं. बटण दाबलं. तिकडे प्रोग्राम उचलला गेला, तपासला गेला, पास झाला, साइटवर चढला. चहा यायच्या आत. "झालं. फिक्स्ड," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आता टाळी वाजवावी.

तेवढ्यात सुंदराबाई दारात आली. धोंडूचा डायलिसिसचा दिवस होता, ती दवाखान्यात डबा घेऊन निघाली होती, मुलगा इथे आहे कळलं म्हणून वळली. रिझवानाने तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही, डबा तेवढा खुर्चीवर ठेवला. भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं, मग मुलाकडे.

"दीपका, मला एक सांग. मी त्या दिशी लिवलं व्हतं, ते तुला मिळालं नाय का?"

"मिळालं होतं, आई. सिस्टिमला मिळालं होतं. पण तू जे लिहिलंस ना, त्यात ‘नाही’ असं हवं होतं. आता मी ते दुरुस्त केलंय. आता तू कसंही लिहिलंस तरी चालेल."

"मी लिवलं, घाट चालू नाय, आबाला आत्याकडं ठेव, एकटा सोडू नको. हे तू वाचलं नायस?"

"आई, ते मेसेज मी वाचत नाही. कोणीच वाचत नाही. ते आपोआप होतं."

"तूच म्हनलास, आये, आता तुझा मेसेज सरळ माझ्याकडं येतो."

"म्हणजे मी बनवलेल्या सिस्टिमकडे."

सुंदराबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, पण मी गिळलं, कारण आता ते माझं बोलणं राहिलं नव्हतं.

"मी रोज तुला लिवते रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "घाट चालू हाय, तू जेवलास का. घाट चालू हाय, तुजा खोकला बरा हाय का. गनपतीला येशील का म्हनून इचारलं. उत्तर यायचं नाय, तवा मला वाटायचं, मोठ्या कामात आसंल. पन वाचतो तरी."

लॅपटॉपच्या कडेवर दीपकचा अंगठा तेवढा मागेपुढे फिरत होता.

तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि रिझवानापुढे धरला. "बाय गो, तुजा नंबर घालून दे ह्यात. ह्यांना घेऊन वर गेले की मी तुलाच लिवीन. तू वाचशील ना?"

"वाचीन, चाची," रिझवाना म्हणाली, आणि नंबर घालायला लागली.

"आई," दीपक उठून पुढे आला. "माझा नंबर घे ना. माझ्यावर पाठव. मी वाचीन."

सुंदराबाईने मोबाइल परत घेतला, नीट पिशवीत ठेवला आणि खुर्चीवरचा डबा उचलला.

"तुजा हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "मीटिंगमधी आसतो, लावू नको म्हनला व्हतास." आणि डबा निवायच्या आत दवाखान्यात पोचायचं म्हणून ती पायरी उतरून गेली.